आष्ट्याच्या बाजारातली करवत

हसा तुम्ही, पण जुन्या करवती जमवायच्या माझ्या नादापायी त्या दिवशी मी चोर ठरणार होते. आष्ट्याच्या बाजारात एका माणसापुढं करवती मांडलेल्या दिसल्या. त्यातली शिसवी मुठीची, पितळी फुलं ठोकलेली एक मी उचलली.

"म्हातारा न्हाई आला?" त्यानं विचारलं.

कोण म्हातारा, मला काही कळेना. घाबरले की मी समोरचा म्हणेल त्याला हो म्हणत सुटते. "नाही, मीच आले," म्हणाले.

त्यानं पैसे मागितले ते जेमतेम चहा-वड्याएवढे. मी गोंधळले, पण देऊन सटकले.

स्टँडवर मागून कुणीतरी पिशवी धरली. मी वळले. एक म्हातारे सुतार धापा टाकत उभे होते.

"माझी करवत घिऊन कुठं निघालीस गं?"

"विकत घेतलीय, आजोबा."

"अगं, त्यो धार लावून देतो. इकत न्हाई काय."

मी रडकुंडीला येऊन करवत त्यांच्या हातात दिली. "खरंच चोरली नाही हो."

"ते ऱ्हाऊ दे. त्यो माझ्या म्हातारीदेखत म्हणाला, तुमची सून घिऊन गेली. आमाला तर ल्योकच न्हाई. आता चल, ही सून कुठनं आली, ते तूच सांग तिला."