शेवट राखून

नाही, ते नको, ताई — ते खाली ठेवा. दुसरं काहीही उचला, अख्खं दुकान पडलंय. गल्ल्याजवळ होतं म्हणून विकायचं वाटलं का? वाटणारच. पण त्यात काही नाही हो, खरंच काही नाही. माझी एक रीत आहे — गिऱ्हाइकानं पुस्तक हातात घेतलं की गोष्ट दोन वाक्यांत सांगायची, शेवट राखून, मग माणूस पुस्तक घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही. हयात गेली यात. आता ह्याचं काय सांगू? पहिली गोष्ट — एक बाई दोरीवर कपडे वाळत घालते. मग? मग काय, वाळतात. दुसरीत एक म्हातारा भिंतीवर सरकणारं ऊन बघत बसतो. पुढं काय होतं म्हणता? संध्याकाळ होते. झाली गोष्ट. आणि याला म्हणे काव्य. अहो, ऊन माझ्या दुकानातही सरकतं, मी त्याची किंमत लावत नाही.

लेखक तरी बघा — मागच्या फोटोत हनुवटीला हात लावून खिडकीबाहेर बघत बसलाय. तसं आम्हालाही बसता येतं, पण आम्हाला कामं असतात. रहस्यकथा लिहायला डोकं लागतं, ताई. कुणी दार उघडं टाकलं, तर का टाकलं याचा जाब शेवटी द्यावा लागतो. इथं सगळा आनंदीआनंद. दार उघडं आहे? असू दे, वारा येत असेल.

मग वाचलं कशाला, असंच ना? हौसेनं नाही वाचलं. आमची ही अंथरुणाला खिळलीय, डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत, म्हणून रोज दुपारी दुकान बंद करून घरी जातो नि वाचून दाखवतो. आता ही बाई कशी, तर लग्न झाल्यापासून रहस्यकथांची वेडी — शेवटची पानं उरली की मी पुस्तक दडवायचो, मग ती घरभर शोधायची, नि खुनी कोण ते सांगितल्याशिवाय मला जेवायला वाढायची नाही. आणि तिनं आता मागावं काय? हे. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात फुकट आलेलं. पुन्हा पुन्हा हेच. वाचता वाचता माझाच जीव जायची पाळी आली. म्हणून एकदा मी मध्येच एक खून घुसवला. हो, मीच, मनानं. त्या कपडेवाल्या बाईला दोरीमागं एक प्रेत सापडतं — आवाज खाली आणून असं रंगवलं म्हणता. ही डोळे मिटून पडलेली. म्हणाली, "ते प्रेत उचला आधी. कपडे ओले आहेत अजून."

हसा, हसा. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी नवी कोरी रहस्यकथा घेऊन गेलो, पहिल्याच प्रकरणात दोन मुडदे, तर नको म्हणाली. मग मीही हट्टाला पेटलो. या भिकार पुस्तकात असं आहे तरी काय, ते सांग म्हटलं. मग म्हणाली, "खुनी कळायच्या आत मीच गेले तर? हे कुठंही थांबलं तरी चालतं."

जन्मभर शेवट राखून पुस्तकं विकली मी — आणि हे गिऱ्हाईक शेवटच नको म्हणतं. डॉक्टरही हल्ली नुसतं बघू म्हणतात. फार भीती वाटते हो. पण म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही, उगाच डोक्यावर घेऊ नका त्याला. भिकार ते भिकारच.

तुम्ही उघडलंत का ते? आत बसचं तिकीट होतं, खुणेचं. पडलं वाटतं. राहू द्या, वाकू नका — कुठूनही धरलं तरी चालतं याला, तेवढाच काय तो गुण. आणा इकडे. तुम्ही हे घ्या — बंगल्यात पाच पाहुणे झोपतात, सकाळी चारच उठतात. पुढचं सांगणार नाही. किंमत मागं लिहिलीय. आणि आता व्हा बाहेर, दुपार झाली, मला शटर ओढायचंय. कपडे ओले आहेत अजून.