बहात्तरचा गिअरबॉक्स

डॉक्टर : अरे पण भटू, माझी फियाट अठ्ठ्याऐंशीची. तिला बहात्तरच्या गाडीचा गिअरबॉक्स बसेल कसा?

भटू : बसवला म्हणजे बसेल. तुमच्या गिअरचे दात झडून तेलात पडलेत, हे बघा. नवा पाहिजे तर पार्टचं एक दुकान उघडं दाखवा मला. सगळे पळाले ना.

डॉक्टर : नाशिकपर्यंत टिकेल?

भटू : टिकेल. खालची पट्टी जुळत नाही, भोकं नवी पाडतो. मीटरची केबल मात्र या जुन्याला लागत नाही. किती जोरात पळताय ते कळणार नाही तुम्हाला.

गौरी : अहो, त्यापेक्षा रेल्वेनं...

डॉक्टर : गौरी, स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नाही. तू तोंडावरचा रुमाल वर घे बरं. भटू, किती वेळ?

भटू : जेवणवेळेपर्यंत होईल. दवाखान्याला कुलूप लावलं म्हणता?

डॉक्टर : लावलं. प्लेग आहे बाबा, सर्दी-पडसं नाही.

भटू : आम्हा डिंडोलीवाल्यांना काय सांगता? आमच्या गल्लीतून दोघं गेले. काल लोक तुमच्या पायरीवर बसून बसून परत आले.

डॉक्टर : सरकारी दवाखाना चालू आहे ना.

भटू : आहे. व्हरांड्यात पेशंटवर पेशंट पडलेत... वहिनी, जरा सरका. डिकी रिकामी करतो, जॅक घसरून राहिला. एवढी खोकी कसली?

डॉक्टर : त्यांना हात लावू नकोस!

भटू : टेट्रासायक्लिन? सात खोकी! प्लेगच्या या गोळ्यांची अख्ख्या उधन्यात एक पट्टी मिळत नाही, डॉक्टर.

डॉक्टर : घरच्यांसाठी आहेत.

भटू : घरात माणसं किती?

गौरी : चौघं.

भटू : थू!

डॉक्टर : काय झालं?

भटू : काही नाही. तोंडात तेल गेलं.

(गिअरबॉक्स चढला आहे. भटू गाडीखालून बाहेर येतो.)

भटू : झालं. आता एक मागतो. माझ्या शेजारी शोभाबाई राहते, तिची सून कुसुम कालपासून तापानं फणफणलीय. एक खोकं द्या.

डॉक्टर : आणि नाही दिलं तर? गाडी अडवणार?

भटू : किल्ली गाडीलाच आहे. मी नुसतं मागतोय. माझ्या पोरीला कावीळ झाली तेव्हा गुडघाभर पाण्यातून घरी आला होतात तुम्ही. म्हणून तोंड उचकटलं.

गौरी : हे घ्या भाऊ. मी देते.

भटू : कशा द्यायच्या?

डॉक्टर : दिवसातून चार वेळा, एकेक... थांब. वय काय तिचं?

भटू : असेल वीस. पाचवा महिना चालू आहे.

डॉक्टर : गरोदर आहे? मग ही मुळीच देऊ नकोस. बाळाला बाधेल.

भटू : मी तर जाऊन लगेच दिली असती.

डॉक्टर : म्हणून तर विचारलं.

भटू : मग काय देऊ?

डॉक्टर : तपासल्याशिवाय कसं सांगणार? इंजेक्शनं लागतील कदाचित. नाहीतर साधा मलेरियाही असेल.

भटू : मग तपासा ना, डॉक्टर. डिंडोली तुमच्या वाटेवरच आहे. दहा मिनिटं लागतील. बॅगही पुढच्या सीटवर आहे तुमची.

गौरी : अहो, दहाच मिनिटं...

डॉक्टर : गौरी, गाडीत बस. भटू, गिअर सगळे नीट पडतात ना?

भटू : सगळे पडतात, शेठ. निघा.