श्रीपादरावांना केलेला सलाम

...नाही, पुढचा रोगी मी आत सोडणार नाही, डॉक्टरसाहेब – रागवा हवं तर, पण आधी बसा. टोपी बाजारच्या त्या बाईचं पोर आत्ता तुमच्या हातात दगावलं, आणि तुम्ही हात धुऊन म्हणता, कान्होजी, पुढचा – असं कसं पुढचा? मी दारावरचा शिपाई, अंगठा उठवणारा माणूस, मला औषधातलं काय कळतं? काही नाही. पण तुमच्या आधी या खुर्चीवर श्रीपादराव डॉक्टर बसत, त्यांना मी पाहिलंय. साथीच्या सालात रोज पाच-सहा माणसं जायची, अन् ते दर वेळी असंच म्हणायचे – पुढचा. मी पाठवत राहिलो. मला वाटायचं, केवढा खंबीर माणूस.

मग एके दिवशी माझीच नात आणली – लीला, चार वर्षांची. सकाळपासून झटले हो ते तिच्यासाठी. दुपारी गेली. ते बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले, म्हणाले, "कान्होजी, मी कमी पडलो. काहीतरी बोला माझ्याशी." अन् मी काय केलं? – टाचा जुळवून सलाम केला. उमर पलटणीत गेली, साहेबापुढं तोंड उघडायचं नाही, सलाम करायचा, एवढंच ठाऊक. पोरीला उचललं अन् निघालो. त्यांना वाटलं, मी दोष देऊन गेलो. नव्हता हो दिला – बिलकुल नव्हता. तेरा दिवसांनी कामावर आलो, तर खुर्ची रिकामी.

आता? आता खासगी बाजार मोहल्ल्यात, घरीच असतात. दर एकादशीला जातो मी. त्यांच्या पत्नी, सुलोचनाबाई, आत नेतात. भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात ते. आता मी बोलतो – पुष्कळ बोलतो, तुमचा दोष नव्हता म्हणतो – उमजतं की नाही, देव जाणे. माझा आवाज आला की हात जोडतात तेवढे... भिंतीलाच.

म्हणून तुम्हाला आजच सांगतो, साहेब, उशीर नाही करत. तुम्ही काही कमी केलं नाहीत. मी दारातून पाहत होतो. – काय? नाही, पुसू नका डोळे, माझ्यापुढं लाज कसली... बाहेर घाईचं कुणी नाही, मी विचारून आलोय. रोगी थांबतील, मी बोलत राहीन त्यांच्याशी. तुम्ही मागच्या दारानं घरी जा, बाईसाहेबांपाशी बसा. नाही, आणखी काही ऐकायचं नाही मला. जा, साहेब. जा म्हणतो ना.