टाकीतल्यांचा पाहुणचार

भागीरथा : विझली पुन्हा. सातवी काडी हाये ही.

प्रेमदास : वारा आहे.

भागीरथा : परसात पान हालून नाई राह्यलं.

प्रेमदास : गॅस येतोय, आवाज ऐक. फक्त पेटत नाही. माझ्यासारखाच.

भागीरथा : ठरलं होतं नं आपलं? आज या गवताच्या गॅसवर चहा झाला नाई, तर उद्यापासून ही गॅसची टाकी धुऊन पाण्याले. नळ दोन दिवसाआड येते.

प्रेमदास : ठरलं होतं. तीस वर्षं लायब्ररीत पुस्तकांची धूळ झटकली. रिटायर झाल्यावर एक उघडून पाहिलं, तिथंच चुकलं.

भागीरथा : त्यात काय लिवलं हाये, सांगा बरं नीट.

प्रेमदास : शेणाच्या पाण्यात जिवाणू असतात. काही गवत कुजवून आंबट करतात, बाकीचे त्या आंबटाचा जळणारा गॅस करतात. टाकी फार आंबली, की हे बाकीचे मान टाकतात. मग गॅस येतो, पण पेटत नाही.

भागीरथा : काऊन आंबते फार?

प्रेमदास : जास्त खाऊ घातलं तर. पण मी सकाळी एकच टोपली टाकतो. मोजून.

भागीरथा : दुपारी मी टाकतो एक.

प्रेमदास : तू?

भागीरथा : तुमीच म्हनता त्याईत जीव हाये. आपल्या घरचा जीव, अन् दिवसातून एकदाच जेवते? मले बरं नाई वाटलं.

प्रेमदास : हिंगणीच्या व्याह्यांनी ताटावर हात आडवा धरला, तर तू हातावर पुरणपोळी वाढलीस. दोन दिवस सलाईनवर होते ते.

भागीरथा : मंग काय, मीच मारलं म्हना साऱ्याईले!

प्रेमदास : नाही गं. संध्याकाळी मीही एक टाकत होतो. वाटायचं, सकाळी मोजताना चुकलो असेन.



भागीरथा : म्हनजे तीन-तीन वेळा जेवले बिचारे.

प्रेमदास : उपाय आहे पुस्तकात. गवत बंद, थोडं चुन्याचं पाणी, पंधरा दिवस उपास. पण टाकी तर उद्या...

भागीरथा : राहू द्या तिले. शेजारच्या सरिताच्या विहिरीवरून आनतो मी दोन गुंड पानी.

प्रेमदास : आणि तरी नाही पेटलं तर?

भागीरथा : चुना काढतो मी. तुमी मोजा. पन एकदाच मोजजा.