साठावा दिवस

बसा ना मुनीमजी, उठता कुठं एवढ्यात — मी काय नाई म्हटलं का समझोत्याच्या सहीले? अकरा वाजेपासून एकच सांगून राहिली, करते, करते, करते. प्रणालीले येऊ द्या फक्त. पोरगी नागपूरले नर्सिंग शिकून राहिली, तिनं एक डाव कागद वाचला का झालं, लगेच सही. उद्या कोनी म्हनाले नको, का भूपेंद्र सेठनं चिंधूच्या अडानी बायकोले फसवलं — तुमच्याच सेठच्या इज्जतीसाठी म्हनून राहिली मी. गाडी लेट असन तिची. आमच्या तिगावच्या स्टेशनवर कोनती गाडी टाइमवर येते, सांगा? नाई ना? मंग. अर्धी भाकर घ्या अजून. लाजता काय, तीन वर्षांत पहिल्यांदा उंबरा चढले तुमी माझा. तेरवीले नाई आले, वर्षश्राद्धाले नाई आले, अन् आज सेठच्या बोलेरोत बसून, संत्रा बर्फीचा डबा घेऊन! ठेवा तिथंच. मी गोड नाई खात आता.

घड्याळ काहून पाहता सारखं? वाजले किती, पावने दोन? बाप्पा, पावने दोनच तं वाजले. हाव, हाव, मले मालूम हाय आज काय हाय ते — साठावा दिवस. लेबर कोर्टाचा फैसला झाला त्याले आज साठ दिवस होतेत. तुमीच तं सकाळी माझ्या फाटकाजवळ उभं राहून फोनवर सेठले सांगून राहिले होते, एवढ्या मोठ्यानं का शेजारची वंदना चूल सोडून बाहेर आली — ‘पुऱ्या पैशाचा बँक ड्राफ्ट हाय माझ्या बॅगेत, पन बाई सही देऊन राहिली, छिंदवाड्याच्या कोर्टात जाची गरज नाई.’ बरोबरच बोलले. सही झाली तं कायची अपील अन् कायचा ड्राफ्ट? मले जास्त समजत नाई, आमची उर्वशी वकीलबाई सांगते ते ऐकते. ती म्हने, कलाबाई, कामगाराच्या मुआवजेत, भरपाईत, कायदा जरा उलटा हाय. बाकी ठिकानी हारलेला मानूस आधी अपील करते, पैशाचं मंग पाहू म्हनते. इथं नाई. इथं मालकानं पुरी रक्कम आधी लेबर कोर्टात जमा कराची, जमा केल्याचं प्रमानपत्र घ्याचं, ते अपीलले जोडाचं, तवा जबलपूरचं हायकोर्ट फाइलले हात लावते. नाई जोडलं तं अपील दारातूनच वापस. अन् हे सारं साठ दिवसांत. मी म्हटलं, बाई व, असा कायदा कोनं केला? ती म्हने, ज्याले मालूम होतं का मालक लोक काय करतेत, त्यानं. हासलो आमी दोघी. खोटं कशाले सांगू, लय दिवसांनी हासली मी.

तुमच्या सेठनं साठ दिवस काय केलं मंग? काई नाई केलं. कोर्ट म्हने तीस दिवसांत जमा करा, नाई केले. त्याले वाटलं बाई थकन, आधे पैसे दाखवले का घेईन. अन् थकली ना मी, मुनीमजी — थकली म्हूनच तं तुमाले जेवू घातलं. छिंदवाड्याले कोर्टाच्या पेशीले जाचं म्हनजे पहाटे उठा, घाट चढा, दिवसभर बाकड्यावर बसा, अन् संध्याकाळी बाबू सांगते पुढची तारीख. एकतीस तारखा. तुमी यायचे सेठच्या गाडीत, मी बसमंधी उभी. एकदा सौंसरले बस बिघडली तं तुमची गाडी बाजूनं गेली. तुमी काच वर केली. आठवते? नाई आठवत. मले आठवते — हिरवा शर्ट होता तुमच्या अंगात.

थांबा, चहा मांडते. पाच मिनिटं लागतेत. नाई कसं? चहा न पेता जाल तं मले बरं नाई वाटनार.

कोर्टानं मले एक शिकवलं पाहा. पहिले मी नवऱ्याचं नाव नाई घेत होती, प्रणालीचे बाबा म्हनो. तिथं घ्याच लागे — मृतक चिंधू, मृतक चिंधू. आता तसंच येते तोंडात. तं चिंधूले गोटमारीचा शौक, हे साऱ्या पांढुर्न्याले मालूम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर इकडून पांढुर्ना, तिकडून सावरगाव, मधात पळसाचं झाड रोवेल, अन् आमचा हा पहिल्या रांगेत गोटे मारायले. दोनदा डोकं फोडून आला. त्या साली मी त्याचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला अन् म्हटलं, खाय शपथ, जात नाई म्हून. खाल्ली. पाळली पन. सारी दुनिया नदीवर अन् हा तुमच्या सेठच्या कापसाच्या जिनमंधी. तुमीच बोलावलं होतं ना, कापूस यायच्या आधी मशीन चालवून पाहाची म्हून? रजिस्टरमंधी छुट्टी, फाटकाले बाहेरून कुलूप, अन् आत तीन मानसं. पुलीचा तुकडा उडाला तो त्याच्या कानामागं बसला. मले कसं मालूम? तुमीच सांगतलं, मोटरसायकलवर मले घ्यायले आले तवा. धापा टाकून राहिले होते. त्या वेळेस मले वाटलं, किती चांगला मानूस हाय हा.

अन् मंग कोर्टात उभे राहून काय म्हटलं? घ्या, चहा घ्या, गरम हाय. काय म्हटलं तुमी? ‘मी यशवंतराव, मुनीम, शपथेवर सांगतो, त्या दिवशी जिन बंद होती. मी चिंधूले माझ्या डोळ्यानं नदीच्या काठावर पाह्यलं, हातात गोटे होते.’ हातात गोटे होते! एवढं बारीक सांगतलं तुमी, का मलेच एक घडी वाटलं, गेला होता का काय हा मले न सांगता? रात्रभर विचार करून राहिली, मेलेल्या मानसावर शक घेऊन राहिली मी. ते तुमी केलं. पैसे द्या, नका देऊ, ते सेठचं पाप. हे तुमचं. पन डॉक्टरनं पोस्टमार्टममंधी लिहून ठेवलं होतं, जखमेत काळं ग्रीस हाय. वकीलबाईनं त्याच्यावर बोट ठेवलं अन् तुमाले विचारलं — जाम नदीच्या गोट्याले ग्रीस कोन लावते, मुनीमजी? तुमी पानी मांगतलं. ते तुमचं पानी मांगनं मी रोज झोपाच्या आधी एकदा आठवते. चांगली झोप येते.

आता हा तुमचा कागद. वाचला मी. असे पाहून काय राहिले? आठवी पास हाय मी, सौंसरच्या शाळेत. तुमी हात धुवायले गेले तवाच वाचला. आधे पैसे मिळतीन, बरं. बाई केस वापस घेते, बरं. अन् तिसऱ्या लायनीत काय हाय? ‘मृतक चिंधू की मृत्यु गोटमार मेले में पत्थर लगने से हुई, यह आवेदिका स्वीकार करती है।’ हे पाहिजे सेठले! पैसे तं तो देईन, मरत नाई पैशासाठी. पन फैसला पक्का झाला तं उद्या कारखान्याचा इन्स्पेक्टर विचारन, छुट्टीच्या दिवशी कुलूप लावून मानसं काहून ठेवले? म्हून माझ्या हातानं लिहून पाहिजे — गोटमार. मी स्वीकार करते. आवेदिका म्हनजे मी!

एकदा केला होता ना स्वीकार. एकदा केला तेवढा बस झाला. तुमाले तं मालूमच हाय, तुमीच होते बाजूले — कोर्टात तुमी ते बोलले नाई, कारन बोलले असते तं तुमीच फसले असते. मी पन नाई बोलली. वकीलबाईले पन नाई सांगतलं. कोर्टानं विचारलं, गोटमारीत गोटा लागला असं दवाखान्याच्या कॅम्पच्या कागदावर कोनं लिहवलं? मी म्हटलं, मले नाई मालूम साहब, मी बेहोश होती. कायची बेहोश? चांगली उभी होती. नदीवरच्या त्या कॅम्पच्या तंबूजवळ तुमी माझ्या कानात म्हटलं, ‘वहिनी, मशीन म्हनू नका, पोलीस येईन, इलाज बाजूले राहीन, सेठ सारा खर्च करते, गोटा म्हना.’ अन् टेबलवरच्या मानसानं विचारलं, काय लागलं? मी म्हटलं, गोटा. मोठा का लहान? मी म्हटलं — लहान. हे तुमी नोतं सांगतलं. हे माझ्या मनचं. वाटलं, लहान म्हटलं तं लवकर पट्टी होईन अन् घरी नेईन. त्या दिवशी तिथं शेकडो लोक डोके फोडून बसेल. लहान गोटावाले वेगळ्या रांगेत. एक घंटा बसला तो रांगेत, माझ्या खांद्यावर मान टाकून. म्हने, कला, कानात मशीन चालून राहिली. मी म्हटलं, चूप राह्य, मशीनचं नाव नको घेऊ. गोटा सांगतला तं त्याईनं गोट्याची दवा केली, त्याईचा काय दोष? मंग नागपूरले नेला तं तिथला डॉक्टर म्हने, आत रक्त भरलं, घंटाभर आधी आनलं असतं तं... तेवढंच म्हटलं त्यानं. प्रणाली तिथंच उभी होती. तिले आजपर्यंत सांगतलं नाई मी, तिच्या बापाले कोनत्या रांगेत कोनं बसवलं ते.

हे मी तुमाले काहून सांगतलं?

असू द्या. सांगा सेठले, जा. सांगा का बाई खोटं बोलली कोर्टात. कोन ऐकन आता? हायकोर्टात तं कायद्याचाच मोठा सवाल लागते म्हने, कोनं काय म्हटलं अन् कोन कुठं होतं, हे परत उकरत नाई तिथं. अन् सांगाले गेले तं तेही सांगा लागन का कानात कोन बोललं. बोलाल? नाई बोलत तुमी. मी ओळखून हाय.

आता पाहा घड्याळ. अडीच ना? प्रणाली येत नाई आज. कोनत्याच गाडीनं नाई येत, ती सकाळपासून छिंदवाड्यात हाय. लेबर कोर्टाची पैसे जमा कराची खिडकी साडेचारले बंद होते, तिच्यासमोरच्या बाकड्यावर बसेल हाय, सेठचं कोनी येते का पाहत — माझ्या जागेवर. दोन वाजेपर्यंत निघाले असते तं पोचले असते तुमी. आता घाटात कितीही पळवा गाडी. हाव, उशीर माफ करा म्हून अर्ज देता येते, मले मालूम हाय तेही. पन कारन लिहा लागते. काय लिहाल? लिहा, खरं लिहा — कलाबाईच्या घरात बसून भाकर खाऊन राहिलो होतो, तिच्याकडून खोटं लिहून घ्यायसाठी. द्या हायकोर्टाले असा अर्ज. आमी तिकडं कलेक्टरकडे देतो आमचा. वसुली जमिनीच्या लगानासारखी होते म्हने. जिनच्या फाटकावर तहसीलची नोटीस चिपकन तवा मी येईन पाहायले, तुमच्यासमोर उभी राहीन.

फोन वाजून राहिला तुमचा. सेठच असन. उचला ना. नाई उचलत? हात काहून जोडता मले? काय म्हनता... नोकर मानूस?

चिंधू पन नोकरच होता, यशवंतराव. डबा घ्या तो, अन् उठा.