कोऱ्या पंचनाम्यावरची सही

आम्ही मूळचे गंगेकाठचे, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठचे. नाशिकपासून सायकलनं अर्ध्या तासावर आमचा मळा, वडील भाजीपाला करायचे, आणि बांधाला बांध लागून मुरलीदादाचा झेंडू. मी दहावी शिकलो, ओझरला कारखान्यात लागलो, त्यामुळे गावात माझ्या शब्दाला वजन आलं. काय सांगू तुम्हाला, त्या वजनाखाली दुसऱ्याचंच घर चेपलं. पंचाहत्तरी उलटली माझी, आता लपवायचं नाय, जसं सांगतो तसं लिहा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. गुढीपाडव्याच्या तोंडावर गारपीट झाली, लिंबाएवढ्या गारा, मुरलीदादाच्या झेंडूचा नुसता लगदा झाला. मुरलीदादाला दमा, मळा सगळा त्याची बायको बघायची, चंद्रावहिनी. सरकारनं सांगितलं, ज्याचं उभं पीक निम्म्याच्या वर गेलं त्याचं त्या हंगामाचं गावच्या सोसायटीचं पीककर्ज माफ, पण शेतावर पंचनामा पाहिजे, दोन पंचांच्या सह्या पाहिजेत. मी पंच. सकाळी पहिल्या पाळीच्या बसला उभा होतो, पंचनामे लिहिणारा माणूस आला, म्हणाला काका, सह्या करून ठेवा, मी फिरून भरतो. मी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि बसमध्ये चढलो. तेव्हा सगळेच तसं करायचे. तो काही फिरला नाही, चावडीतच बसून वहिनीच्या कागदावर लिहिलं, फुलं आधीच तोडलेली, उभं पीक नाही.

वहिनीनं तक्रार केली, साहेब चौकशीला आले, चावडी भरली. वहिनीनं पाटीभर मोडकी झाडं आणली होती, कळ्यांसकट. म्हणाली साहेब, तोडणी अशी असती का? साहेब म्हणाले, ही झाडं कुणाचीही असतील बाई, पंच काय म्हणतात? आणि मला विचारलं, तुम्ही स्वतः शेतात गेला होता? वहिनी म्हणाली, भाऊजी, सांगा की, तुमच्या दारातनं दिसतंय माझं शेत. आणि मी, न बघता सही केली हे कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल या भीतीनं, चार माणसांत म्हणालो, गेलो होतो साहेब, पीक नव्हतं.

तिचं कर्ज राहिलं. तिनं पाण्याचा पंप विकला, तीन वर्षं दुसऱ्यांची फुलं घेऊन फुलबाजारात हार गुंफले आणि सगळं फेडलं. पाणी मागायला कधी माझ्या विहिरीवर पाय ठेवला नाही, पण माझ्या बायकोला पापड लाटू लागायला दरवर्षी यायची. मी घरात असलो की मान खाली घालून लाटायची.

पुढं मी रिटायर झालो, सोसायटीचं कर्ज काढून टोमॅटो लावले, आणि गंगेला मोठा पूर आला. पुन्हा माफी, पुन्हा पंचनामे, आणि या खेपेला गावानं पंच केलं वहिनीला. पोरं हसली, आता आजी पंच! लिहिणारा नवा होता, तोही म्हणाला मावशी, सह्या द्या, मी भरतो. ती म्हणाली, बाबा, साक्षरता वर्गात दोन अक्षरं शिकले ती कोऱ्या कागदावर नासू का? चल, चपला काढ. लुगडं खोचलं आणि गुडघाभर चिखलातनं त्याला एकेका शेतात नेलं.

माझ्या शेतात नुसता गाळ. तो म्हणाला, इथं तर काहीच नाही, पडीक लिहितो. पीक होतं म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगणार? वहिनी वाकली, कोपरापर्यंत हात गाळात घातला आणि झाड उपसून काढलं. हे बघ टोमॅटो, अजून हिरवं हाय, वास घे. मग पाच ठिकाणी उकरून दाखवलं, म्हणाली वाफे मोज, मग लिही. माझं कर्ज माफ झालं ते तिच्या हातानं. मी म्हणालो वहिनी... ती म्हणाली, पाय जपून टाका भाऊजी, गाळात काचा हायेत. एवढंच. अशी बाई मी दुसरी बघितली नाही.

मुरलीदादा गेला. वहिनी आहे, कान शाबूत आहेत. हे सगळं तुम्ही तिच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायचं, चार माणसं बोलावून, कारण मी खोटं चार माणसांतच बोललो होतो. मी समोर बसेन. ती बोलेल, नाहीतर उठून आत जाईल, तिचा अधिकार. देव तिला उदंड आयुष्य देवो. उद्या सकाळीच जाऊ, दुपारी ती झोपते.