बाईसाहेब चव बघतात

...नाही, मला तुम्हीच सांगा, बटाट्यात गाजर लपवलंय हे दोन वर्षांच्या पोरीला कळतंच कसं? आणि नुसतं लपवलेलं नाही हो! उकडलं, वाटलं, गाळलं, लोणी घालून बटाट्यात असं जिरवलं की माझं मलाही सापडेना. आणि मी कोण? तुम्हाला सांगतो, चौकातल्या एवढ्या मोठ्या हॉटेलचा मुख्य आचारी! भटारखान्यात माझ्या नुसत्या खाकरण्यावर माणसं हलतात. गिऱ्हाईकं जाता जाता आत डोकावून म्हणतात, "वा, काय हाताला चव आहे!" आणि घरी आमची ही लेक, उंची धड ओट्याएवढीसुद्धा नाही, पण सगळं घर तिला बाईसाहेब म्हणतं... एक घास घेते, डोळे बारीक करते, जीभ गालातल्या गालात फिरवते, आणि गाळणीतून निसटलेला गाजराचा एकुलता एक कण जिभेच्या टोकावर आणून माझ्यापुढे हजर करते. "बाबा, हे काऽय?" आता काय सांगू हे काय! वीस वर्षं या धंद्यात आहे, अशी जीभ बघितली नाही. उपाशी राहील, पण फसणार नाही. मानलं बुवा पोरीला!

तुम्ही म्हणाल, अहो, मुलांना काहीतरी गमतीचं करून द्यावं. केलं ना! पावाचं बदक केलं. डोळे मटाराचे, पंख उकडलेल्या अंड्याचे. हॉटेलात ठेवलं असतं तर लोकांनी फोटो काढले असते. बाईसाहेब खूष! टाळ्या काय, उड्या काय! म्हटलं, जमलं. एक पंख मोडायला हात पुढे केला मात्र... "नाऽऽही! बदक जोजो!" आणि स्वतःच्या गळ्यातलं लाळेरं ओढून काढून तिने बदकाच्या अंगावर घातलं. वर ओठांवर बोट ठेवून मलाच "शूऽऽ!" झालं! दिवसभर घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, नळ जोरात सोडायचा नाही, मिक्सर लावायचं तर नावच नको. का? बदक झोपलंय! मी आपला दबक्या पावलांनी कामाला गेलो, आणि आमची ही घरी आल्यावर मला फोन करून कुजबुजत विचारते, "अरे, हे बदक उठणार कधी?"

मग सासूबाई पुढे सरसावल्या. "जावईबापू, तुम्ही व्हा बाजूला. तीन मुलं वाढवली आहेत मी." मी म्हटलं, या! सासूबाईंनी चमचा हवेत धरला. "विमान आलं गं, विमान आलं... घूंऽऽऽ... उघडा दरवाजा!" आणि दरवाजा उघडला की हो! सासूबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं... चमचा अगदी ओठांशी गेला, आणि दरवाजा बंद. "विमान घरी जा." हसत हसत! रडणं नाही, आदळआपट नाही, नुसतं गोड हसून 'नाही'! सासूबाईंनी अख्खी दुपार विमान उडवलं, हात भरून आला, शेवटी ते त्यांच्याच तोंडात उतरलं. वाटी पुसून घेत म्हणाल्या, "वाया तर नाही ना गेलं." तुम्हाला सांगतो, इतक्या गोडीने नाही म्हणणं मला आमच्या मालकापुढे जमलं असतं ना, तर रविवारची सुट्टी कधीच मिळाली असती. मानलं बुवा पोरीला!

पण हे हसण्यावारी नेऊन चालेना हो. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मागच्या वेळेइतकंच आहे वजन. पुढच्या महिन्यात बघू, नाहीतर रक्त तपासावं लागेल." रक्त? त्या एवढ्याशा दंडातनं? त्या दिवशी हॉटेलात ताटं नेहमीसारखी चाटूनपुसून परत येत होती, आणि मला एकेका लख्ख ताटाचा राग येत होता. सगळं गाव जेवतंय माझ्या हातचं, आणि माझी पोर उपाशी! शेवटी कांदे चिरायला बसलो. मुख्य आचारी कांदे चिरत नाही कधी... पण रडायला दुसरं निमित्त कुठलं शोधणार?

मग माझ्या सुट्टीचा दिवस आला. तिचा नाद सोडला होता, मोठ्यांसाठी म्हणून कोंबडीचं सूप टाकलं होतं, आणि सवयीने पळीतला थेंब तळहातावर घेतला, फुंकर मारली, चाटला, डोळे मिटले, टाळ्याला जीभ लावून 'टॉक' केलं... तर गुडघ्यापाशी काहीतरी हललं. बघतो तर एक इवलासा तळहात वर आलेला! "मी!" थेंब चांगला निववला, ठेवला. तिने फुंकर मारली. चाटला. डोळे मिटले. "टॉक!" आणि म्हणते काय? "मीठ." आता एवढ्या लहान पोरीला जास्त मीठ कसं घालायचं? मी डब्यात बोटं घातल्यासारखं केलं, रिकामीच चिमूट भांड्यावर चोळली आणि म्हटलं, "झालं!" पुन्हा तळहात वर. चाटला. गंभीरपणे मान डोलावली. मनात म्हटलं, चला, एकदा तरी फसली! आणि मग थेंबावरून चमच्यावर, चमच्यावरून पळीवर, अशी उभ्या उभ्या वाटीभर सूप प्यायली! त्यात गाजर होतं हो! दिसत होतं! तरंगत होतं!

आनंदाच्या भरात मी तिला उचललं, खुर्चीत बसवलं, लाळेरं बांधलं, वाटी पुढे ठेवली... आणि दरवाजा बंद! अगं बाई, तेच सूप आहे, तीच कोंबडी आहे! आमची ही कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर न करता म्हणाली, "अरे, तिने तुला कधी बसून जेवताना बघितलंय?"

आता आचारी बसून जेवतो का कधी? आमचं जेवण म्हणजे ओट्याशी उभं राहून, पळीतनं, चाखत चाखत, एक डोळा दुसऱ्या भांड्यावर. ही दिवसा कामाला, माझी पाळी संध्याकाळची, म्हणून पोर दिवसभर माझ्या पायात, बघणार ती मलाच. खुर्चीत बसून खातात ती गिऱ्हाईकं, हे तिला पक्कं कळलेलं. आणि पोर गिऱ्हाईक नव्हतीच हो... ही धंद्यातली होती! मानलं बुवा पोरीला!

तेव्हापासून आमच्याकडे खुर्चीत घडीचे कपडे बसतात आणि माणसं ओट्याशी उभी. सासूबाईसुद्धा तळहात पुढे करून रांगेत. बाईसाहेबांचं 'टॉक' झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. रोज ती 'मीठ' म्हणणार, मी रिकामी चिमूट चोळणार, आणि ती मान डोलावणार. महिन्याने काट्यावर उभी केली, आणि हलला! हलला हो काटा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त वगैरे काही नको आता. पण खायला घातलंत तरी काय?" मी म्हटलं, "खायला काही नाही घातलं. फक्त चव बघायला बोलावलं."

आणि काल... स्टुलावर चढून, रिकाम्या पातेल्यात रिकामी पळी ढवळत होती. "बाबा, हात." केला पुढे. तिने पळीतला नसलेला थेंब माझ्या तळहातावर ठेवला, वर फुंकरही घातली. चाटला. टॉक केलं. म्हटलं, जरा गंमत करू... "मीठ कमी आहे," आणि मिठाचा खराखुरा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने डबा बाजूला केला. माझ्याकडे रोखून बघितलं. मग दोन बोटांवर अंगठा ठेवून, अगदी माझ्यासारखी, रिकामी चिमूट पातेल्यावर चोळली आणि म्हणाली, "झालं!"

म्हणजे... म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि तरी महिनाभर मान डोलावत होती, बापाला वाईट वाटू नये म्हणून! मी तळहात पुन्हा पुढे केला, चाटला, डोळे मिटले आणि म्हटलं, "हां... आता बरोबर आहे, बाईसाहेब."